लिनक्स येणाऱ्यांनी फ्रीबीएसडी कसं शिकावं: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

लिनक्सवर आठ-दहा वर्षं काम केलेला माणूस फ्रीबीएसडीकडे, म्हणजे युनिक्स घराण्यातल्या दुसऱ्या एका मोफत ऑपरेटिंग सिस्टीमकडे, वळला की नवशिक्यापेक्षा जास्त अडकतो. नवशिक्या विचारून विचारून पुढे जातो. जाणत्याचा हात मात्र डोक्याच्या आधी चालतो आणि पहिल्या संध्याकाळीच काहीतरी भलत्या जागी लिहून बसतो. मीही बसलो होतो. नंतर ओळखीच्या चार-पाच जणांना मदत केली, तेव्हा प्रत्येकाची चूक वेगळी दिसली तरी मूळ एकच निघालं: मूळ सिस्टीम कुठे संपते आणि वरून बसवलेलं सॉफ्टवेअर कुठे सुरू होतं, ही सीमा त्यांना दिसत नव्हती. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत अशी सीमाच नसते, कर्नलपासून एडिटरपर्यंत सगळी पॅकेजंच. इथे ती आहे, आणि खालच्या बहुतेक पायऱ्या तिच्याभोवतीच फिरतात.

लेख फ्रीबीएसडीची १४ मालिका धरून लिहिला आहे. १५ मध्ये मूळ सिस्टीमही पॅकेजांच्या रूपात बसवायचा पर्याय आला आहे. तो घेतलात तर पायरी ४ मधली अपडेटची पद्धत बदलते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

१. मशीन घेण्याआधी

रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर, लिनक्सच्या शेजारी दुसरं पार्टिशन करून शिकू नका. अडलं की दोन मिनिटांत रीबूट करून लिनक्समध्ये पळून जाता येतं, आणि मग शिकणं होतच नाही. व्हर्च्युअल मशीन पहिल्या आठवड्यापुरतं ठीक आहे. पण वायफाय, ग्राफिक्स, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो की नाही, असले खरे प्रश्न तिथे येतच नाहीत.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर ऑफिसांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप मिळतात. दोन गोष्टी बघून घ्या: वायफाय कार्ड इंटेलचं हवं, आणि केबलचं नेटवर्क पोर्ट अंगचंच हवं. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर तो लॅपटॉप सोडा, कितीही स्वस्त असला तरी. रॅम ४ जीबीवर चालून जाईल, पण झेडएफएस ही फाइलसिस्टीम वापरायची असल्याने ८ असली तर बरं.

दुकानात जाताना फ्रीबीएसडीचा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. त्यावरून बूट करून पहिल्याच पडद्यावर 'लाइव्ह सिस्टीम' निवडा आणि रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून विनापासवर्ड आत जा. 'सिसकंट्रोल नेट.डब्ल्यूलॅन.डिव्हायसेस' चालवलं की वायफाय कार्ड ओळखलं गेलंय का ते कळतं. 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' बाकीच्या हार्डवेअरची यादी देतं. दुकानदार जरा कुरकुरतो, पण पाच मिनिटांचं काम आहे, आणि एकदा पैसे मोजले की परत घेताना तो याहून जास्त कुरकुरतो.

पेनड्राइव्ह बनवताना दोन घोळ हमखास होतात. पहिला, इंटेलचा प्रोसेसर असलेला माणूस 'एएमडी६४' हे नाव बघून ती फाइल सोडून देतो. ते ६४-बिट आर्किटेक्चरचं नाव आहे, इंटेललाही तीच लागते. दुसरा, आकाराने लहान म्हणून 'बूटओन्ली' उतरवली जाते. तिच्यात सिस्टीम नसते, इन्स्टॉल करताना सगळं नेटवरून ओढावं लागतं. वायफाय चाललं नाही की तिथेच अडलात. 'मेमस्टिक' घ्या.

तपासा: उतरवलेल्या फाइलचा चेकसम जुळवून बघा. आणि 'डीडी'ने लिहिण्याआधी 'एलएसबीएलके'मध्ये पेनड्राइव्हचं नाव दोनदा वाचा. त्या कमांडने स्वतःची हार्ड डिस्क पुसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती सगळी अनुभवी होती.

२. इन्स्टॉलरमधले पाच थांबे

बाकी पडद्यांवर एंटर मारत गेलात तरी चालेल. या पाच ठिकाणी थांबा.

घटक निवडताना 'पोर्ट्स'वर (सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधायची सोय) खूण असेल तर ती काढा. सुरुवातीला पॅकेजंच वापरायची आहेत.

डिस्कच्या पडद्यावर 'ऑटो झेडएफएस' घ्या. डिस्क एकच असेल तर प्रकार 'स्ट्राइप', या नावाला बिचकू नका. पुढच्या यादीत डिस्कवर स्पेसबारने खूण करावी लागते. नुसतं एंटर मारलं तर पुरेशा डिस्क निवडल्या नाहीत असं उत्तर येतं आणि माणसाला वाटतं डिस्कच दिसत नाहीये.

घड्याळाचा प्रश्न येतो: मशीनचं अंतर्गत घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे का? विंडोज काढून टाकलेल्या लॅपटॉपवर ते बहुधा भारतीय वेळेवर असतं. इथे चूक झाली की वेळ साडेपाच तासांनी सरकते. पुढची गंमत अशी की फरक १००० सेकंदांहून जास्त दिसला तर 'एनटीपीडी' (नेटवरून वेळ जुळवणारी सेवा) वेळ दुरुस्त करत नाही, सरळ बंद पडतो. म्हणून सेवांच्या यादीत 'एनटीपीडी' आणि त्याच्याजवळचा 'सिंक ऑन स्टार्ट' हे दोन्ही निवडा.

सुरक्षेच्या पर्यायांच्या पडद्यावर हात आखडता घ्या. सगळ्यावर खुणा केल्यात तर दुसऱ्या युजरच्या प्रोसेस दिसेनाशा होतात, आणि महिन्याभराने 'टॉप' बिघडला की काय म्हणून शोध सुरू होतो.

पाचवा थांबा युजर बनवतानाचा, आणि सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. आणखी कोणत्या गटात घालू, असं विचारलं जातं, तेव्हा 'व्हील' लिहा. एंटर मारून पुढे गेलात तर तो युजर 'एसयू' करून रूट होऊ शकत नाही, पासवर्ड बरोबर असला तरी.

तपासा: रीबूट करा, आपल्या युजरने आत जा, 'एसयू' करून बघा. नकार मिळाला तर कन्सोलवर थेट रूट म्हणून लॉगिन करून 'पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हील -एम' आणि पुढे युजरचं नाव. फक्त एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुरून, पोचता येणाऱ्या मशीनवर ही चूक झाली तर तो मार्गही बंद, कारण रूटचं एसएसएच लॉगिन मुळातच बंद असतं.

३. काहीही बसवण्याआधी सीमा बघा

एक अख्खी संध्याकाळ यासाठी ठेवा आणि तेवढा वेळ काहीही इन्स्टॉल करू नका.

मूळ सिस्टीमचे प्रोग्राम /बिन, /एसबिन, /यूएसआर/बिन, /यूएसआर/एसबिन इथे असतात आणि त्यांच्या सेटिंग /ईटीसीमध्ये. पॅकेजमधून आलेलं जवळजवळ सगळं /यूएसआर/लोकलच्या आत, त्याच्या सेटिंगसकट. म्हणजे एनजिनेक्स या वेब सर्व्हरची फाइल /ईटीसी/एनजिनेक्समध्ये नाही, /यूएसआर/लोकल/ईटीसी/एनजिनेक्समध्ये. सुडोची (रूटचे अधिकार देणाऱ्या कमांडची) सुडोअर्स फाइलही तिकडेच. मी पहिल्या दिवशी /ईटीसी/सुडोअर्स नावाची फाइल स्वतः बनवली आणि सुडो माझं ऐकत का नाही म्हणून तासभर डोकं धरून बसलो. अशी फाइल बनवताना कोणी अडवत नाही आणि ती कोणी वाचतही नाही.

'मॅन हायर' उघडा, संपूर्ण रचना तिथे आहे. मग 'मॅन आरसी.कॉन्फ'. इथली मॅन पानं (सिस्टीममध्येच असलेली माहितीपुस्तिका) लिनक्सच्या सवयीने टाळू नका. ती सिस्टीमबरोबरच लिहिली जातात आणि बहुतेकांत चालणारी उदाहरणं असतात. शिवाय ती मशीनवरच असतात. गाडी बोगद्यात शिरली की फोनवरचा शोध थांबतो, मॅन पान थांबत नाही. (बसायला जागा मिळाली तर, हे गृहीत धरून.)

सावधान: /ईटीसी/डिफॉल्ट्समधल्या फाइल वाचायच्या, बदलायच्या नाहीत. तिथे मूळ मूल्यं असतात. आपले बदल /ईटीसी/आरसी.कॉन्फमध्ये.

४. परतीची वाट, मग अपडेट

हा क्रम उलटा करू नका. आधी 'बीईसीटीएल क्रिएट' आणि पुढे एखादं नाव, समजा 'कोरं'चं रोमन रूप. याने सध्याच्या सिस्टीमचं एक बूट एन्व्हायर्न्मेंट तयार होतं. पुढे काही मोडलं तर बूट मेन्यूतून ते निवडून जुन्या स्थितीत परत जाता येतं. झेडएफएस घेण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच.

मग 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच'. डाउनलोड झाल्यावर बदलणाऱ्या फाइलींची लांबलचक यादी पडद्यावर येते आणि सगळं गोठल्यासारखं वाटतं. ते गोठलेलं नसतं, यादी वाचायला पेजर उघडलेला असतो. 'क्यू' दाबा. त्यानंतर 'फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल', आणि कर्नल बदलला असेल तर रीबूट.

हे झालं मूळ सिस्टीमचं. पॅकेजांचं अपडेट वेगळं, 'पीकेजी अपग्रेड'. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. नुसतं 'पीकेजी अपग्रेड' चालवून वर्षभर सुरक्षेचे पॅच न घेता बसलेला एक मित्र माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या डोक्यात 'ॲप्ट अपग्रेड' म्हणजे सगळं, हे पक्कं बसलं होतं.

पुढच्या आवृत्तीवर जाताना 'इन्स्टॉल' एकदा चालवून भागत नाही. पहिल्या वेळी कर्नल बदलतो. रीबूट करून दुसऱ्या वेळी बाकीची सिस्टीम. मुख्य आकडा बदलत असेल तर त्यानंतर पॅकेजं नव्याने घ्यायची आणि जुन्या लायब्ररी काढायला तिसऱ्यांदा 'इन्स्टॉल'. पहिल्यानंतर थांबलात तर कर्नल नवा, बाकी जुनं, अशी अर्धवट अवस्था राहते.

तपासा: 'फ्रीबीएसडी-व्हर्जन -केयू' कर्नल आणि बाकी सिस्टीम यांच्या आवृत्त्या दोन ओळींत दाखवतं. पॅच क्रमांकात थोडा फरक चालतो, कारण प्रत्येक पॅचमध्ये कर्नल बदलतोच असं नाही. मुख्य आकडा वेगळा दिसला तर काम अपुरं आहे.

सावधान: बूट एन्व्हायर्न्मेंटमध्ये काय येतं आणि काय येत नाही ते नीट समजून घ्या. नेहमीच्या मांडणीत /होम आणि /व्हार/लॉग वेगळे असतात, म्हणून मागे गेलात तरी ते जागेवर राहतात. /व्हार/डीबी मात्र मूळ सिस्टीमबरोबर असतं, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा तिथेच. अपडेट फसलं म्हणून मागे गेलात की डेटाबेसही त्या दिवसावर जाईल. डेटाबेस ठेवणार असाल तर त्याच्यासाठी वेगळा झेडएफएस डेटासेट आधी बनवा, डेटा नंतर भरा.

५. पॅकेजं: एकच मार्ग धरा

'पीकेजी' पहिल्यांदा चालवलं की ते स्वतःलाच उतरवून घ्यायची परवानगी मागतं. द्या.

पॅकेजांच्या दोन शाखा आहेत, 'क्वार्टरली' आणि 'लेटेस्ट'. मूळ सेटिंग क्वार्टरली असतं. शिकताना तेच ठेवा. बदलायचंच झालं तर /ईटीसी/पीकेजीमधल्या फाइलला हात न लावता /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीकेजी/रेपोजमध्ये त्याच नावाची फाइल करून त्यात फक्त बदललेलं लिहा. सीमा इथेही आहे.

पोर्ट्स म्हणजे सोर्सवरून बांधणं. एखादा पर्याय चालू करून हवा असतो म्हणून लोक दोन गोष्टी पोर्ट्समधून बांधतात आणि उरलेल्या पॅकेजमधून घेतात. पोर्ट्सचं झाड ताजं, पॅकेजं तिमाहीची, मग लायब्ररींच्या आवृत्त्या भांडतात. पहिले सहा महिने पोर्ट्सचं नाव काढू नका.

बॅश (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) बसवा, पण स्वतःच्या युजरसाठी. रूटचा शेल बदलू नका. बॅश /यूएसआर/लोकल/बिनमध्ये असतो, म्हणजे सीमेच्या पलीकडे. एखाद्या अपडेटमध्ये त्याची लायब्ररी तुटली तर रूटने लॉगिनच होणार नाही. तुमच्या जुन्या स्क्रिप्ट पहिल्या ओळीत /बिन/बॅश शोधत असतील तर त्याही चालणार नाहीत. ती ओळ /यूएसआर/बिन/एन्व्हच्या मार्गाने लिहा. /बिनमध्ये सिमलिंक टाकून मोकळं व्हायचा मोह होईल, पण मग शिकायचं ते राहून जाईल.

तपासा: कोणतीही फाइल कुठून आली ते 'पीकेजी व्हिच' आणि फाइलचा मार्ग दिल्यावर कळतं. पॅकेज सापडलं नाही तर ती मूळ सिस्टीमची किंवा तुम्हीच बनवलेली. माझी ती सुडोअर्स फाइल या एका कमांडने उघडी पडली असती.

६. सेवा सुरू करणं

डेबियन किंवा उबुंटूत सर्व्हर बसवला की तो तिथल्या तिथे सुरू होतो. इथे होत नाही. बसवल्यावर पडद्यावर येणारा मजकूर वाचा. सरकून गेला असेल तर 'पीकेजी इन्फो -डी' (इथे मोठं डी) आणि पॅकेजचं नाव दिलं की परत दिसतो. मग 'सिसआरसी एनजिनेक्स_इनेबल=येस', आणि त्यानंतर 'सर्व्हिस एनजिनेक्स स्टार्ट'. पहिली कमांड न देता दुसरी दिली तर सेवा सुरू होत नाही. एकदाच चालवून बघायची असेल तर 'स्टार्ट'च्या जागी 'वनस्टार्ट'.

आरसी.कॉन्फ हाताने न लिहिता 'सिसआरसी'नेच बदला, असं मी आग्रहाने सांगतो. ती फाइल म्हणजे शेल स्क्रिप्टच असते. एका रात्री मी तिच्यात अवतरणचिन्ह बंद करायला विसरलो. सकाळी मशीन अर्ध्यात थांबलेलं, नेटवर्क नाही, आणि ऑफिसला निघायला वीस मिनिटं. अशा वेळी सिंगल युजर मोडमध्ये बूट करायचं, 'माउंट -यू /' देऊन डिस्क लिहिण्याजोगी करायची आणि फाइल दुरुस्त करायची.

तपासा: हाताने बदल केलाच असेल तर रीबूटआधी 'एसएच -एन /ईटीसी/आरसी.कॉन्फ'. काहीच छापलं नाही तर व्याकरण ठीक आहे. कोणत्या सेवा चालू ठेवल्या आहेत ते 'सर्व्हिस -ई' सांगतं.

७. हाताची सवय मोडणं

इथे वेळ जातो, आणि तो जाऊ द्या. एक वही ठेवा. हात चुकला की डावीकडे लिनक्सची कमांड, उजवीकडे इथली. दोन आठवड्यांत पान भरतं. माझ्या पानावरच्या पहिल्या ओळी अशा: 'आयपी'च्या जागी 'आयएफकॉन्फिग', वायफायसाठीही तेच. 'एसएस'च्या जागी 'सॉकस्टॅट'. 'एलएसमॉड'ऐवजी 'केएलडीस्टॅट', 'मॉडप्रोब'ऐवजी 'केएलडीलोड'. 'स्ट्रेस'ऐवजी 'ट्रस'. ग्नूच्या मेकफाइलसाठी 'जीमेक'. नेटवर्क कार्डांची नावं ड्रायव्हरवरून पडतात, म्हणून इंटेलचं 'ईएम०' आणि रिअलटेकचं 'आरई०'.

यापेक्षा त्रासदायक त्या कमांड, ज्यांचं नाव तेच पण वागणं वेगळं. 'सेड -आय'ला इथे पुढे एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामी अवतरणचिन्हं. न दिल्यास तो तुमची सेडची आज्ञाच एक्स्टेन्शन समजतो. कालची तारीख हवी तर 'डेट -व्ही-१डी'. फाइलच्या नावानंतर लिहिलेले पर्याय बहुतेक कमांड मानत नाहीत, पर्याय आधीच यायला हवेत. आणि 'शटडाउन -एच' मशीन थांबवतो पण वीज बंद करत नाही. त्यासाठी '-पी'. रात्री '-एच' देऊन झोपलेल्यांचा लॅपटॉप सकाळी गरम सापडतो.

सावधान: ग्नूची साधनं बसवून त्यांना जुन्या नावांचे एलियस देऊ नका, निदान पहिला महिना. हात खूश होतो, पण दुसऱ्याच्या मशीनवर बसलात की परत शून्यावर.

८. फायरवॉल, कन्सोलसमोर बसूनच

'पीएफ' ही फायरवॉल शिका. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये जुळणारा पहिला नियम लागतो, पीएफमध्ये शेवटचा, 'क्विक' लिहिलं नसेल तर. हे न कळता नियमांचं भाषांतर केलं तर बंद ठेवलेलं दार उघडं राहतं.

नियम लिहिले की 'पीएफसीटीएल -एनएफ' आणि फाइलचा मार्ग. हे फक्त तपासतं, लागू करत नाही. दूरच्या सर्व्हरवर लागू करताना आधी पार्श्वभूमीला दोन मिनिटं थांबून 'पीएफसीटीएल -डी' चालवणारी ओळ सोडून ठेवा. बाहेर फेकले गेलात तर दोन मिनिटांनी दार उघडेल.

सावधान: दूरच्या मशीनवर 'आयपीएफडब्ल्यू' या दुसऱ्या फायरवॉलचं मॉड्यूल उगाच चाचणी म्हणून लोड करू नका. त्याचा मूळ शेवटचा नियम सगळं नाकारणारा आहे. लोड होताच तुमचं एसएसएच तुटतं.

९. डेस्कटॉप, डॉकर आणि इतर हट्ट

डेस्कटॉप शेवटी. सुरुवात तिथून करणारे ग्राफिक्स ड्रायव्हरशी झगडून कंटाळतात. 'डीआरएम-केमॉड' पॅकेज घ्या, युजरला 'व्हिडिओ' गटात घाला आणि इंटेल असेल तर 'सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस'. हे लोडर.कॉन्फमध्ये लिहू नका. आवृत्ती बदलल्यावर पडदा काळा झाला तर बहुधा हे मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेलं असतं. मराठी चौकोनांत दिसत असेल तर नोटोचे फॉन्ट बसवा.

डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवायचं साधन) थेट चालत नाही. त्याच्यावाचून अडत असेल तर 'बीहाइव्ह'मध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवायची इथली सोय) लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन चालवा. जमलं तर आधी जेल (कंटेनरसारखे इथले वेगळे कप्पे) शिका, एक साधं जेल हाताने उभं करून बघा.

पावसाळ्यात आमच्याकडे ब्रॉडबँड दोन-दोन दिवस गायब असतो, म्हणून हेही लिहून ठेवा: अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. 'केएलडीलोड आयएफ_यूआरएनडिस' दिलं की बहुतेक फोन 'यूई०' नावाने दिसतात. मग 'डीएचक्लायंट यूई०'. नव्या लॅपटॉपचं वायफाय अडलं असेल तेव्हाही याच वाटेने पॅकेजं आणता येतात.

सगळं जमलं असं वाटलं की शेवटची तपासणी. एखादी सेवा उभी करा, घरातल्या फोटोंचा सर्व्हर, काहीही. मग 'शटडाउन -आर नाऊ' देऊन लॅपटॉपपासून उठा. कीबोर्डला हात न लावता दुसऱ्या खोलीतून फोनवर ती सेवा उघडा. उघडली नाही तर पायरी ६ वर परत या आणि 'सर्व्हिस -ई' बघा.